पलतडीची वाट

उळवीसारख्या अरण्यातल्या गावी बसून फेरीबोटीचा इतिहास लिहावा, हे प्रथमदर्शनी विसंगत वाटेल. चन्नबसवेश्वरांच्या समाधीमुळे आमचे गाव घाटावरच्या लोकांना ठाऊक आहे. माघी पौर्णिमेच्या जत्रेला धारवाड-बेळगावकडून बैलगाड्यांची रांग लागते, आणि त्या गाड्यांना वाटेत घाट पुष्कळ लागले तरी फेरीबोट लागत नाही. पण ज्या काळी नदीच्या मुखाशी कारवार वसले आहे, ती उगम पावते आमच्याच तालुक्यात, डिग्गीच्या डोंगरात. तालुक्याचे जुने नाव सुपा. तो सुपा गाव धरणाच्या पाण्याखाली गेला आणि तालुका जोयडा झाला. ज्यांच्या गावाला नदीनेच गिळले त्यांना नदी ओलांडण्याच्या गोष्टीत थोडा अधिक रस असला तर नवल नाही.

शिवाय प्रस्तुत लेखकाला हा विषय सुचण्याचे कारण अगदी ताजे आहे. ७ ऑगस्ट २०२४ रोजी, मध्यरात्र उलटून गेल्यावर, कारवार आणि सदाशिवगड यांना जोडणारा काळी नदीवरचा जुना पूल कोसळला. पुलावरून जाणारा एक मालट्रक नदीत पडला. त्याच्या चालकाला अंधारातून जिवंत वर काढण्यात स्थानिक मच्छीमारांचा मोठा वाटा होता. पूल सुमारे चाळीस वर्षांचा होता. शेजारी चौपदरी रस्त्यासाठी बांधलेला नवा पूल उभा होता म्हणून गोवा आणि कर्नाटक यांच्यातली ही वाट तुटली नाही. तपासणी झाल्यावर दोन्ही दिशांची वाहने त्या एकाच पुलावरून जाऊ लागली. बातमी कळली तेव्हा वडील म्हणाले, "नवा नसता तर काय केले असते? तर तर केव्हाच मोडली." या वाक्यातल्या पहिल्या 'तर'चा अर्थ नव्या पिढीला सांगावा लागतो, म्हणून हा लेख.

तर म्हणजे नदी पार करण्याची नाव, आणि ती जेथून सुटते ती जागाही. नाव चालवणारा तो तारी. कोंकणीत अलतड आणि पलतड असे दोन सुरेख शब्द आहेत, अलीकडचा तीर आणि पलीकडचा तीर. गोव्यातल्या एका जुन्या गाण्यात दामूच्या लग्नाला निघालेली कलावंतीण तारीला पलतडी पोचवण्याची विनवणी करते, अंगावरचे दागिने देऊ करते, आणि तारी ते नको म्हणतो. गाणे गोड आहे. परंतु वकिली पेशातल्या माणसाला ते ऐकताना एक शंका येतेच. भाडे समोर ठेवले असता उतारूला नाकारण्याचा अधिकार तारीला असतो काय? इंग्रजी कायद्याप्रमाणे नसतो. तर हा तेथे एक मक्ता मानला गेला आहे. तारीला त्या घाटावर एकट्याने भाडे घेण्याचा हक्क आहे आणि त्याच्या मोबदल्यात नाव सदैव सज्ज ठेवण्याचे, येईल त्याला ठरल्या दराने पार नेण्याचे बंधन आहे. हक्क आणि बंधन एकाच दोरीला बांधलेले.

आपल्याकडे हा विचार इंग्रजांनी आणला असे मात्र नव्हे. मनुस्मृतीच्या आठव्या अध्यायात तरीचे दरपत्रक आहे. रिकाम्या गाडीला एक पण, माणसाने वाहिलेल्या ओझ्याला अर्धा, जनावराला आणि स्त्रीला पाव, आणि मोकळ्या हाताने जाणाऱ्या पुरुषाला त्याच्याही निम्मे. दोन महिन्यांहून अधिक दिवस गेलेली गर्भवती, संन्यासी, मुनी यांना भाडे माफ. कौटिल्याने नावाध्यक्षाच्या प्रकरणात असेच दर माषांत दिले आहेत: म्हशीला आणि उंटाला चार, लहान गाडीला पाच, मोठ्या गाडीला सात. माणूस स्वस्त आणि वाहन महाग, हे तत्त्व तेव्हापासूनचे आहे. मनूचा पुढचा नियम तर आजही न्यायालयात वाचून दाखवावा असा आहे. नावाड्यांच्या चुकीने नावेत जे मोडेल ते सर्व नावाड्यांनी मिळून भरून द्यावे, दैवी आपत्तीने झालेल्या नुकसानीबद्दल मात्र त्यांना दंड नाही. पूल पडला की 'दैवी आपत्ती' हा शब्द किती लवकर उच्चारला जातो, हे पाहिले म्हणजे या दोन वाक्यांमधली सीमारेषा आखणाऱ्याचे कौतुक वाटते.

आता गोव्याकडे वळू, कारण तरीचा खरा अखंड इतिहास तेथेच सापडतो.

तिसवाडी हे बेट आहे, ही गोष्ट पुलांमुळे आपण विसरलो आहोत. उत्तरेस मांडवी, दक्षिणेस झुआरी, पूर्वेस दोघींना जोडणारी कुंभारजुव्याची खाडी. बेटावर पाय ठेवायचा तर बाणस्तारी, नार्वे, आगशी, पणजी अशा ठरावीक घाटांवरूनच ठेवता येई. आदिलशाहीत तेथे चौक्या होत्या, आणि पोर्तुगीजांनी त्याच पुढे चालवल्या. १५८३ ते १५८८ या काळात गोव्याच्या आर्चबिशपच्या पदरी असलेला डच प्रवासी लिन्स्खोटेन याने या घाटांचे वर्णन केले आहे. पलीकडे मुख्य भूमीवर जाणाऱ्या एतद्देशीयांच्या उघड्या दंडावर एक खूण उमटवीत. परत येताना ती दाखवावी लागे आणि त्यासाठी दोन बझारूक मोजावे लागत. दंडावरचा तो शिक्का म्हणजे त्या काळचे पारपत्रच. नदी ओलांडणे हे तेव्हापासून केवळ दळणवळण राहिले नाही. कोण कोणाच्या सत्तेखाली आहे, ते घाटावर ठरू लागले.

याच काळातली दुसरी हकीकत आपल्यापैकी पुष्कळांच्या घरात सांगितली जाते. १५६० च्या सुमारास कुशस्थळीचा, म्हणजे आजच्या कुठ्ठाळीचा, मंगेश झुआरी ओलांडून अंत्रुज महालातील प्रियोळला नेण्यात आला. पाठोपाठ केळशीची शांतादुर्गा कवळ्याला गेली. दिवाडी बेटावरचा सप्तकोटीश्वर नदीपलीकडे डिचोलीच्या नार्व्यात स्थिरावला, आणि १६६८ मध्ये शिवाजी महाराजांनी त्याच्या मंदिराचा जीर्णोद्धार केला. आपल्या कुलदैवतांच्या स्थलांतराच्या कथा आपण मंदिराच्या उंबरठ्यापासून सुरू करतो आणि नव्या मंदिराच्या उंबरठ्यावर संपवतो. मधले पाणी कोणी पार करून दिले, त्या तारीचे नाव कोठल्याही क्षेत्रमाहात्म्यात मला आढळले नाही. नदीच्या अलतडी धर्मसत्तेचा धाक, पलतडी दुसऱ्या राजाचा मुलूख, आणि मध्ये एक होडी. एवढ्यावर किती घराण्यांचे कुळाचार टिकले!

पणजी आणि बेती यांच्यामधली फेरी महत्त्वाला चढली ती नंतर. जुने गोवे ओस पडत गेले, १७५९ मध्ये व्हाइसरॉयने पणजीच्या आदिलशाही वाड्यात बस्तान हलवले आणि १८४३ मध्ये पणजी अधिकृत राजधानी झाली. रायबंदर ते पणजी हा दगडी सेतू तत्पूर्वीच, सतराव्या शतकाच्या चौथ्या दशकात, लिन्यारिश काउंटच्या कारकिर्दीत बांधला गेला होता. लांबी सुमारे ३ किलोमीटर. पण तो खाजणावरून जाणारा बांध, मांडवीचे मुख्य पात्र ओलांडण्याचे धाडस त्यात नाही. म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजाराला जाणारा, बारदेशातून कचेरीच्या कामाला येणारा, शाळेचा मुलगा, पाद्री, मासे विकणारी, सर्वांना बेतीच्या धक्क्यावर एकत्र यावे लागे. प्रथम वल्ह्यांच्या होड्या होत्या. पुढे यंत्रावर चालणाऱ्या लाँची आल्या. त्यांना गोवेकर 'गॅसोलीन' म्हणत. इंधनाचेच नाव वाहनाला मिळाले. मोटारी आल्या तेव्हा सपाट तळाच्या, पुढे लोखंडी फळी असलेल्या बोटी लागल्या. धक्क्याच्या उतारावर ती फळी टेकली की आधी मोटारी उतरायच्या की आधी माणसे, यावरून होणारी धांदल आजही तशीच चालू आहे.

या फेरीच्या इतिहासात एक रात्र अशी आहे की तिच्याविषयी लिहिताना हात थांबतो. १८ डिसेंबर १९६१ च्या संध्याकाळी भारतीय सैन्याची तुकडी बेतीला येऊन पोचली. माघार घेणाऱ्या पोर्तुगीजांनी वाटेतले पूल उडवले होते. मांडवीवर उडवायला पूलच नव्हता. समोर जेमतेम अर्ध्या किलोमीटरवर पणजीचे दिवे. साडेचारशे वर्षांची सत्ता आणि तिचा शेवट यांच्यामध्ये फक्त हे फेरीचे पाणी उरले होते, आणि सैन्य हुकमाची वाट पाहत काठावर थांबले. दुसऱ्या दिवशी सकाळी, १९ तारखेला, जवानांनी नदी ओलांडली आणि पणजी मोकळी झाली. त्यांना नेणारे पाणी तेच होते, जे रोज म्हापशाच्या बाजारकऱ्यांना नेत असे. त्या वेळी आमच्या बाजूची स्थिती काय होती, तेही सांगायला हवे. १९५५ पासून सीमा बंद होती. जोयडा तालुक्यातल्या कॅसलरॉकहून मुरगावकडे जाणारी रेल्वे थांबली होती आणि काळीची तर ओलांडून माजाळीपर्यंत गेले तरी पुढे गोव्यात पाऊल टाकता येत नव्हते. एका बाजूला सोयरे, दुसऱ्या बाजूला सोयरे, आणि मध्ये पहारा.

मुक्तीनंतर फेऱ्यांचा कारभार सरकारी नदी-परिवहन खात्याकडे आला. पण सरकारचे लक्ष्य पुलाचे होते, आणि त्यात गैर काही नाही. राजधानीला जाण्यासाठी रोज धक्क्यावर तिष्ठत राहणाऱ्या नागरिकाला पूल मागण्याचा पूर्ण अधिकार आहे. १९७० मध्ये मांडवीवर नेहरूंच्या नावाचा पूल खुला झाला. झुआरीवर आगशी-कुठ्ठाळी पूल १९८३ मध्ये आला आणि तेथली फेरी मागे पडली.

यानंतरचे प्रकरण वकिलाला आवडेल असे आहे. इंग्लंडात एका तरीच्या मालकाने रेल्वे कंपनीवर दावा लावला होता. कंपनीने नदीवर पूल बांधला, लोक पुलावरून जाऊ लागले, तरीचे उत्पन्न बुडाले, सबब नुकसानभरपाई मिळावी. १८७७ मध्ये अपील न्यायालयाने तो दावा फेटाळला. पूल ही दुसरी तर नव्हे, आणि लोकांना नवी सोय झाली म्हणून जुन्या मक्तेदाराला भरपाई मागता येत नाही, असा त्या निर्णयाचा आशय. न्याय म्हणून तो बरोबर आहे. परंतु त्याची दुसरी बाजू कोणत्याच न्यायालयापुढे आली नाही. पूल आल्यावर तरीला हक्क उरला नाही, तसे तिच्यावर बंधनही उरले नाही. मग उद्या पूल पडला तर लोकांना पार नेण्याची जबाबदारी कोणाची? आपल्या संविधानाच्या सातव्या अनुसूचीत, राज्यसूचीच्या तेराव्या नोंदीत रस्ते, पूल आणि तरी हे तिन्ही शब्द शेजारी शेजारी बसले आहेत. घटनाकारांनी पुलाच्या मागोमाग तर लिहिली. पुढच्या कारभाऱ्यांनी तो शब्द खोडल्यासारखा वागवला.

५ जुलै १९८६ रोजी, भर पावसाळ्यात, मांडवीवरचा तो पूल कोसळला. वय अवघे सोळा वर्षे. काँक्रीटच्या पोटातल्या ताणलेल्या पोलादी तारांना खाऱ्या हवेने गंज चढला होता, आणि बाहेरून पाहणाऱ्याला ते दिसण्यासारखे नव्हते. राजधानी आणि बारदेश एका दिवसात पुन्हा दोन तीरांवर गेले. त्या वेळी गोवा वाचला तो एकाच कारणाने: फेरीबोटी मोडीत निघाल्या नव्हत्या. बेटे होती, दिवाडीसारख्या बेटाला फेरीवाचून गत्यंतर नव्हते, म्हणून खाते होते. खाते होते म्हणून बोटी, खलाशी आणि धक्के होते. पुढची काही वर्षे मांडवीचा भार पुन्हा त्याच बोटींनी उचलला. नव्वदच्या दशकात एकापाठोपाठ दोन पूल झाले, आणि २७ जानेवारी २०१९ रोजी तारांनी तोललेला अटल सेतू त्यांच्या डोक्यावरून गेला.

त्या मधल्या वर्षांतली एक आठवण माझ्याजवळ आहे. मी सात वर्षांचा असेन. म्हापशाला आत्याकडे जायचे होते. पणजीला बस सोडून आम्ही धक्क्यावर आलो, तर माणसांचा समुद्र. पाऊस सुरू होता. पाण्यात पुलाचे तुटके अवशेष उभे होते आणि बोट त्यांच्यापासून अंतर राखून चालली होती. वडिलांनी मला कठड्याशी घट्ट धरले आणि म्हणाले, "कारवारला आम्ही असेच जायचो." तेव्हा त्यांना ते दृश्य ओळखीचे आणि मला भयंकर वाटत होते. त्यांचे शिक्षण सत्तरच्या दशकात कारवारला झाले. ते सांगत, सदाशिवगडला बस थांबायची, सामान डोक्यावर घेऊन काठावर उतरायचे, लाँचने कोडीबागला यायचे आणि पुन्हा दुसरी बस धरायची. भरती-ओहोटीचे गणित परीक्षेच्या गणिताहून महत्त्वाचे असे.

काळीच्या त्या तरीलाही मोठा इतिहास होता. १८६२ मध्ये उत्तर कानडा जिल्हा मद्रास इलाख्यातून मुंबई इलाख्यात आला, तेव्हा कारवार जिल्ह्याचे ठाणे झाले. मागोमाग १८६८ चा मुंबईचा तरींविषयीचा कायदा आला. समुद्रातून येणारी गलबते मुखाशी आणि वरून येणारे लाकूड कद्र्याकडून होड्यांनी, असा व्यापार. १८८३ साली तरुण रवींद्रनाथ ठाकूर येथे आपले न्यायाधीश बंधू सत्येंद्रनाथ यांच्याकडे राहिले होते. एका चांदण्या रात्री होडीने काळीतून वर जाऊन आल्याचे त्यांनी आपल्या आठवणींत लिहिले आहे. परतताना मुखाशी होडी सोडून ते वाळूतून चालत घरी गेले. एवढ्या सुंदर नदीवर एका महाकवीची एक रात्र नोंदली गेली, आणि पिढ्यान्‌पिढ्या रोज ती पार करणाऱ्या हजारोंची एकही नाही. १९५६ मध्ये राज्यपुनर्रचनेने जिल्हा म्हैसूर राज्यात गेला. सीमेचे वाद झाले, आयोग झाला, अहवाल झाला. तर मात्र कोणत्याही राज्याची असली तरी दोन्ही तीरांना टेकत होती. पूल झाला आणि ती बंद पडली.

गोव्यात आणि आमच्याकडे फरक पडला तो येथे. गोव्याने पुलाबरोबर फेरी ठेवली. आम्ही पूल आल्यावर फेरी सोडली. २०२४ मध्ये शेजारी दुसरा पूल उभा होता, हे आमचे भाग्य. पण भाग्य ही व्यवस्था नव्हे. आज काळीच्या मुखाशी वाहने पार नेईल अशी एकही सरकारी बोट नाही. मच्छीमारांच्या होड्या आहेत. त्या रात्री त्यांचाच उपयोग झाला, आणि त्यांच्यावर तसे बंधन कोणत्याही कायद्याने घातलेले नव्हते.

फेरी राखणे खर्चाचे आहे, हे खरे. गोव्यात पायी जाणाऱ्याला भाडे पडत नाही. २०२३ च्या अखेरीस दुचाकींना भाडे लावण्याचे ठरले, तेव्हा एवढा विरोध झाला की निर्णय स्थगित ठेवावा लागला. हिशेबाच्या वहीत ही सेवा तोट्याची दिसते, आणि दिसणारच. परंतु आगीच्या बंबाचा नफा कोणी विचारत नाही. उलट असेही कबूल केले पाहिजे की फेरीवर प्रेम करणारे आमच्यासारखे लोक बहुधा पुलावरूनच जातात. दिवाडीच्या रोग्याला रात्री इस्पितळ गाठताना काय वाटते, ते आम्हांला विचारून कळणार नाही. तेरेखोलला जाणाऱ्यालाही विचारावे. केरीच्या धक्क्यावर ओहोटी लागली की बोट थांबते, आणि समोर दिसणाऱ्या किल्ल्याकडे पाहत बसावे लागते. त्या किल्ल्यावर १९५४ च्या १५ ऑगस्टला सत्याग्रहींनी तिरंगा लावला होता. शेजारच्या किरणपाणी-आरोंदा फेरीच्या जागी पूल झाला. तेथल्या लोकांनी तिच्यासाठी अश्रू ढाळल्याचे ऐकिवात नाही. २०२५ च्या जुलैत रायबंदर-चोडण मार्गावर नव्या, मोठ्या रो-रो बोटी सुरू झाल्या. मोटारी एका टोकाने चढतात आणि दुसऱ्या टोकाने उतरतात, म्हणजे ती जुनी धांदलही जाणार.

गेल्या हिवाळ्यात एका दाव्याच्या निमित्ताने म्हापशाला जाणे झाले. वडील बरोबर होते. वर तीन पूल असताना त्यांनी गाडी बेतीच्या फेरीवर घ्यायला लावली. मी विचारले, घाई आहे, कशाला? ते काही बोलले नाहीत. बोट सुटल्यावर गाडीतून उतरले, कठड्याला टेकून उभे राहिले आणि गाडीचे भाडे घ्यायला आलेल्या माणसाला विचारू लागले, "ओहोटी केव्हा लागते हल्ली?"